वारा नसताना हलणारी फुले

एका राज्यात डोंगरांच्या माथ्यांवर झाडे उगवत नसत, फक्त फुले उगवत. तिथे रत्नकेतू नावाचा राजा आणि त्याची धाकटी बहीण इंदुलेखा राहत असत. रत्नकेतू निधड्या छातीचा. इंदुलेखा मात्र जन्माची भित्री. वीज कडाडली की ती उशीत तोंड खुपसी. डोंगरवाटेने जाताना दरीकडे बघवत नसे, म्हणून ती नजर आपल्या पायांपाशी ठेवी. आणि पायांपाशी फुले असत. श्रावण-भाद्रपदात ती रोज रानोमाळ हिंडे. आभाळी कोणती आणि नभाळी कोणती, खडकावरचा तेरडा कोणता आणि ओढ्याकाठचा कोणता, हे ती वाकून बघे, पाकळ्या उलटून बघे, आणि नाव सापडले की एकटीच हसे.

एका पठारावर मात्र ती कधी गेली नव्हती. त्याचे नाव मौनपठार. तिच्या आजोबांच्या काळी घोरदत्त नावाचा मांत्रिक तिथे राहायला गेला. त्याला मरण नको होते. तेव्हापासून जो वर गेला तो खाली आला नाही, आणि दर वर्षी पठारावरची फुले वाढत गेली.

त्या साली गौरीसाठी तेरडा आणायला गेलेल्या मुली वाट चुकून मौनपठारावर चढल्या. त्यांना आणायला राजा स्वतः घोड्यावर बसून गेला. संध्याकाळी घोडा एकटाच परतला. त्याच्या खोगिराला कोंब फुटले होते, आणि लगामावर कळ्या धरल्या होत्या.

प्रधानाने वेशीचे दरवाजे लावून घेतले. सेनापतीने मान खाली घातली. इंदुलेखेने खोगिरावरच्या एका कळीला बोट लावले. कळी गरम होती, ताप आलेल्या कपाळासारखी.

"मी जाते," ती म्हणाली. आवाज इतका कापत होता की प्रधानाला तो नीट कळलाही नाही.

दुसऱ्या दिवशी धुके असतानाच ती पठाराच्या तोंडाशी पोचली. तिथे एका शिळेवर भारद्वाज पक्षी बसला होता. त्याच्या पायात केसांची दोरी होती आणि डोळे निखाऱ्यासारखे लाल होते.

"राजकन्ये, मागे फीर," पक्षी म्हणाला.

"माझा दादा वर आहे."

"मग ऐक. मांत्रिक तुझ्यापुढे तीन फुले ठेवील. प्रत्येकाचे खरे नाव सांग आणि खरा गुण सांग. जो चुकतो, तो तिथेच रुजतो. तुझा भाऊ तिसऱ्या फुलाला चुकला."

"तू मला मदत करशील का?"

"मांत्रिकाने मला बांधून ठेवले आहे," पक्षी म्हणाला, आणि त्याने मान पंखात घातली.

इंदुलेखेने पठारावर पाऊल टाकले. वारा सुटला होता, पण एकही फूल हलत नव्हते. मग वारा पडला, आणि सगळी फुले हळूहळू तिच्याकडे वळली. घामाचा वास आला, माणसांच्या घामाचा. तिला धावत सुटावेसे वाटले. पण धावायचे तर कुणाच्या तरी अंगावर पाय पडला असता. ती एकेक पाऊल मोकळी जागा बघून टाकू लागली.

धुके वितळले आणि ऊन भाजू लागले. तिच्या घशाला कोरड पडली. तेव्हा समोर एक लालभडक झुडूप दिसले, तिच्या उंचीहून उंच. त्याच्या पानापानावर टपोरे थेंब चमकत होते. झुडपाच्या सावलीत एक गोरापान म्हातारा बसला होता. त्याचे हात एखाद्या तरुणाचे होते.

"दमलीस, बाळे. दव पी," तो म्हणाला.

तिने हात पुढे केला आणि मध्येच आवरला. सूर्य डोक्यावर आला होता. एवढ्या उन्हात दव कसे टिकेल? तिने खाली वाकून पाहिले. मिटलेल्या एका पानात हरणाचे शिंग होते. दुसऱ्या पानात एक चांदीचे पैंजण होते, आणि पैंजणात हाड होते.

"हा दवबिंदू," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "ओल्या कातळावर एवढासा उगवतो. याचे थेंब पाण्याचे नव्हेत, चिकाचे आहेत. याला माती पुरत नाही, म्हणून हा जीव खातो."

म्हाताऱ्याचे हसू मावळले. झुडूप आक्रसत आक्रसत बोटाएवढे झाले. म्हातारा दिसेनासा झाला.

ती पुढे निघाली. पुन्हा धुके दाटले. वाट अरुंद होत गेली, दोन्ही बाजूंनी भिंती आल्या, गुळगुळीत, जांभळ्या रेघांच्या. वर पाहावे तर आभाळाची एक फट. पायाखाली मऊ केस होते, सगळे पुढच्या दिशेने झुकलेले. त्यांच्यावरून पाऊल सहज घसरत होते. वाट एका गोल पोकळीत संपली. ती मागे वळली, तर तेच केस भाल्यांसारखे तिच्या छातीवर रोखलेले.

ती मटकन खाली बसली. बाजूला चिंध्या झालेली वस्त्रे होती, मोडलेली तलवार होती. कुणीतरी इथे झटापट केली होती.

मग बाहेरून हाक आली. "लेखा! मी आलोय. ते केस उपट आणि बाहेर ये. घाई कर, तो येतोय!"

आवाज रत्नकेतूचा होता. लेखा म्हणणारा जगात तो एकच. ती उठली. तिने एक केस मुठीत धरला. तळहातातून रक्त आले आणि भिंती आत सरकल्या.

"लेखा, मला मारतोय गं तो!"

तिने कानांवर हात ठेवले. बाहेर खरेच दादा असेल तर? असेलही. पण आपण कुठे आहोत, हे तिच्या आता ध्यानात आले होते. रडत रडतच ती बोलली, "हे कंदीलपुष्प आहे. माशीला आत घेते, कोंडते, पण खात नाही. परागकण तिच्या अंगाला लागले की याचे केस आपोआप कोमेजतात आणि माशी सुटते. जी झगडते ती मरते."

आणि ती निपचित बसून राहिली. हाका किंकाळ्या झाल्या. किंकाळ्यांचे कण्हणे झाले, आणि मग तेही थांबले. तिचे केस, पापण्या, सगळे पिवळ्या धुळीने माखले. ती हलली नाही. अखेर भाले वाकले, लोंबले, गळून पडले. ती रांगत बाहेर आली. बाहेर कुणीच नव्हते. रक्तही नव्हते. तेव्हा कुठे तिने पोटभर श्वास घेतला.

पठाराच्या मध्यावर तोच म्हातारा, घोरदत्त, उभा होता. आता ऊन कलले होते. त्याच्या मागे, क्षितिजापर्यंत, फुलेच फुले.

"भित्र्या पोरी, तू तुझ्या भावापेक्षा बरी निघालीस," तो म्हणाला. "तिसरे फूल मी आहे. सूर्य डोंगराला टेकेपर्यंत मला शोध. चुकीच्या फुलाला हात लावलास, तर तुझ्या भावाशेजारी उगवशील."

एवढे बोलून तो मातीत जिरला.

इंदुलेखा फुलांमधून फिरू लागली. पांढरे गेंद, पिवळी सोनकी, निळी आभाळी, आमरीचे तुरे. प्रत्येक फूल तिच्या ओळखीचे, आणि प्रत्येक फूल एक माणूस. ती वाकली की फुले थरथरत. काही तिच्या पदराला चिकटत. त्यांत तिचा दादा कोणता, हे तिला कळेना. मांत्रिक कोणता, हेही कळेना. सूर्य झपाट्याने उतरत होता.

मग तिला दिसले की ती जिथे क्षणभर थांबते, तिथे तिच्या टाचांतून पांढरे तंतू निघून मातीत शिरतात. ती किंचाळली. तिने पाय उपटले, झटकले, पुढे पळाली. पुन्हा थांबली, पुन्हा तंतू. पण या खेपेला तिला आणखी काही जाणवले. मातीच्या आतून कुणीतरी ते तंतू ओढत होते. बाळ आईला पिते तसे.

ओढ एकाच दिशेने होती.

ती ओढ मांत्रिकाची होती, हे तिला कळले. त्याला शोधायचे तर पळून भागणार नव्हते. तिने डोळे मिटले, दोन्ही पाय घट्ट रोवले आणि मुळे फुटू दिली. घोट्यांपर्यंत ती गार झाली. मग गुडघ्यांपर्यंत. तिला आईचे नाव आठवेना. दादाचा चेहरा पुसट झाला. कमरेपर्यंत हिरवी झाली तेव्हा त्या पिणाऱ्या मुळाने तिच्या मुळाला करकचून मिठी मारली.

तिने डोळे उघडले. कमरेतून वाकून ती हातांनी माती उकरू लागली. नखे तुटली. तंतूमागून तंतू पकडत ती हात लांबवत गेली, आणि गवताच्या आड, लांब देठाची एक पांढरी कळी तिला दिसली. अवतीभवतीचे गवत पिवळे पडलेले. सूर्य डोंगराला टेकला. कळी उमलू लागली.

"तू तुतारीचे फूल आहेस," इंदुलेखा म्हणाली. जीभ जड झाली होती, तरी शब्द स्पष्ट होते. "दिवस मावळताना फुलतोस. वरून हिरवा, साधा दिसतोस. पण मातीखाली दुसऱ्यांच्या मुळांना मूळ लावून त्यांचा रस पितोस. घोरदत्ता, ओळखले मी तुला."

"थांब," फूल म्हणाले. "मी मेलो तर काय उरेल माझे?"

तिने त्याचे मूळ दातांत धरले आणि तोडले.

पठारभर आरोळी घुमली. पांढरे फूल काळे पडले, आणि तिथे चिपाडासारखे वाळलेले एक शरीर उरले. त्याचाही वाऱ्याने भुगा केला. भारद्वाजाच्या पायातली दोरी गळाली. आणि सगळ्या पठारावर माणसे उठून बसली. कुणाच्या केसांत माती, कुणाच्या कानात गवत. गौरीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रत्नकेतू धडपडत बहिणीकडे आला आणि तिचे पाय हातांनी चोळून गरम करू लागला.

"दादा, मला अजून भीती वाटते आहे," ती म्हणाली.

"मलाही," राजा म्हणाला.

माणसे डोंगर उतरू लागली. इंदुलेखेच्या शेजारून हिरव्या लुगड्यातली एक तरुण बाई लगबगीने चालत होती. तिचे नाव पारूबाई. आजोबांच्या राज्यात पठारावर गेलेली ती पहिली. "बाई, मला सोडा पुढे," ती म्हणाली. "लेकरू पाळण्यात ठेवून आलेय. भुकेलं असेल."

इंदुलेखेने फक्त पारूबाईचा हात धरला.

पायथ्याच्या गावात एका दारापुढे काठी टेकून एक म्हातारा उभा होता. डोळ्यांवर पडदा आला होता. गलबला ऐकून त्याने विचारले, "कोण आलंय?"

पारूबाई थबकली. तिने त्याच्या हनुवटीवरचा तीळ पाहिला, पाळण्यातल्या लेकराचा होता तसाच. मग ती पुढे झाली, तिने त्याचे पांढरे डोके दोन्ही हातांनी खाली ओढले आणि आपल्या खांद्यावर टेकवले.

"मी आलेय रे," ती म्हणाली. "उशीर झाला."

त्या राज्यात पुढे मौनपठारावर वाटा पडल्या, मुले फुले ओळखायला जाऊ लागली आणि दिवेलागणीला घरी परत येऊ लागली. तशीच तुमची-आमची माणसेही घरी परतोत.