परातीएवढा आरोपी

“तोच गुन्हेगार आहे! बुडवा त्याला!” वल्लभशेठ ओरडत होते. त्यांचं बोट होतं परातीएवढ्या एका यंत्राकडे.

“बुडवा, बुडवा!” धक्क्यावरची माणसंही ओरडली.

“हात मोडला लडकूचा, होडी फुटली लडकूची, आणि तुम्ही बुडवताय काय? परात?” गोमतीबाय कडाडली. “लाज कुठे ठेवून आलात रे सगळे?”

वाद सकाळपासून चालला होता. कशावरून, ते ऐका.

खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं. तिथे वल्लभशेठ नावाच्या एका हौशी व्यापाऱ्याने आपली शिडाची नौका ठेवली होती. नौका पांढरीशुभ्र. तिचं सुकाणू मोटारीसारख्या चाकाचं, फक्त चाक चांगलं मोठं. शेठ सुट्टीला येत, पाहुणे आणत, समुद्रात फिरत. नौका चालवायला त्यांनी गावातलाच हिराजी तांडेल ठेवला होता. हा हिराजी म्हणजे गोमतीबायचा एकुलता एक मुलगा. हात सरळ, नजर घारीची, आणि पाण्याची जाण बापाकडून आलेली.

पुढे शेठना एक यंत्र मिळालं. ते सुकाणूच्या चाकावरच बसवायचं. दिसायला गोल, चपटं, आत पट्टा आणि छोटी मोटर. जायची दिशा एकदा सांगायची आणि खटका दाबायचा. मग यंत्र होकायंत्रावरून दिशा ओळखतं आणि चाक आपणच फिरवतं. नौका डावीकडे ढळली तर उजवीकडे आणतं, उजवीकडे ढळली तर डावीकडे. थकत नाही, पाणी मागत नाही, विडी ओढायला जात नाही. लांबच्या प्रवासात तासन् तास चाक धरून ज्याचे खांदे भरून येतात, त्याला विचारा याची किंमत. यंत्र चांगलंच होतं. यंत्राबद्दल कुणाची तक्रार नव्हती आणि नाही.

पण माणसाला आराम मिळाला, की तो जागा कधी सोडतो ते त्याचं त्याला कळत नाही.

एके दुपारी शेठ पाहुण्यांना घेऊन निघाले. वारा छान होता. खाली खोलीत पानं मांडली. शेठना मिरवायची हौस भारी. ते म्हणाले, “हिराजी, दाब खटका आणि तूही ये जेवायला. पाहू दे यांना, वर कुणी नसताना माझी नौका कशी चालते ते!”

हिराजी क्षणभर घुटमळला. त्याने समोर पाहिलं. समुद्र मोकळा वाटला. खटका दाबला, आणि गेला खाली. तळलेल्या हलवा माशाचा वास येत होता म्हणे.

त्याच वाटेवर लडकूबाबा आपल्या लहानशा होडीत जाळं ओढत होता. म्हातारा माणूस, घरी दुसरं कुणी नाही. ती होडी आणि ते जाळं, एवढाच त्याचा संसार. त्याला पांढरं शीड येताना दिसलं. त्याने हाक मारली. हात हलवला. मग त्याने निरखून पाहिलं, तर नौकेच्या टपावरून सुकाणूच्या चाकाची कड दिसत होती. चाक हलत होतं. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, एखाद्या जपून चालवणाऱ्या तांडेलाने हलवावं तसं.

लडकूबाबाला वाटलं, चाक फिरतंय म्हणजे तांडेल जागेवर आहे. शिडाआड उभा असेल. हिराजीच आहे, आपलाच पोर, बघेल तो. म्हणून त्याने जाळं तोडलं नाही आणि होडी हलवली नाही. ओढत राहिला.

त्याने विश्वास ठेवला, तेवढीच त्याची चूक. आता याला चूक म्हणायचं तर म्हणा.

नौका सरळ आली आणि होडीवर चढली. फळ्या फुटल्या. लडकूबाबाचा उजवा हात मधे सापडला. दणका ऐकून हिराजी वर धावला, पाण्यात उडी टाकली, म्हाताऱ्याला बाहेर काढलं. जीव वाचला. हात मोडला. होडी गेली, जाळं गेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे धक्क्यावर जमले. लडकूबाबा हात झोळीत घेऊन एका उलट्या टोपलीवर बसला होता. त्याचं एकच म्हणणं होतं. “माझी होडी कोण देणार? मी खाऊ काय?”

आणि इथून सुरू झाला तमाशा.

शेठ म्हणाले, “मी तर जेवत होतो. यंत्र बिघडलं असणार.”

हिराजी म्हणाला, “मी खटका नीट दाबला होता. यंत्राने दगा दिला.”

गावचे पाटील शहाणे. त्यांना शेठही दुखवायचे नव्हते आणि हिराजीही. शेठ दर वर्षी जत्रेचा मांडव घालत. हिराजी तर या हंगामात जमातीच्या मोठ्या बोटीवर तांडेल व्हायचा होता. तसं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पाटलांनी टोपी सारखी केली आणि निवाडा दिला, “दोष यंत्राचा. यंत्र काढा आणि खाडीत बुडवा. विषय संपला.”

सगळ्यांना किती बरं वाटलं! जो तो एकमेकांकडे पाहून मान हलवू लागला. आरोपी सापडला. बरं, आरोपी असा की त्याला बायको नाही, भाऊ नाही, आणि तोंडही नाही. त्याच्या बाजूने कोण बोलणार?

शेठ तर खुशीत म्हणाले, “बुडवा खुशाल. मी दुसरं मागवतो. याहून भारी.”

ऐकलंत? दुसरं मागवतो! म्हणजे शिक्षा झाली ती अशी.

दोघातिघांनी नौकेवरून यंत्र सोडवून आणलं आणि डोक्यावर घेतलं. कुणीतरी “मोरया!” म्हणून ओरडलं. माणसं खो खो हसली. टोपलीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे एकानेही पाहिलं नाही. त्याची होडी कोण देणार, हा प्रश्न यंत्राबरोबरच पाण्यात जायला निघाला होता.

तेव्हा गोमतीबाय आडवी आली, आणि सुरुवातीला ऐकलंत ते भांडण जुंपलं.

पाटील तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “अगो, तुझ्याच पोराला वाचवतोय आम्ही. त्याची तांडेलकी जाईल. तू तरी गप्प बस.”

ती गप्प बसली असती तर मुलगा मोठ्या बोटीवर उभा राहिला असता. नवरा गेल्यापासून तिने याच दिवसाची वाट पाहिली होती. बाजारात बसून, उन्हात करपून, लोकांची बोलणी खाऊन तिने पोर वाढवला होता. हे पाटलांना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी नेमका तिथे हात घातला.

गोमतीबायने हात झटकला. ती मोठ्याने म्हणाली, “पाटील, कानात कशाला सांगता? चारचौघांत सांगा की, गोमीच्या पोरासाठी लडकूला उपाशी मारतोय म्हणून!”

पाटलांचं तोंड एवढंसं झालं.

तिने ते यंत्र माणसांच्या डोक्यावरून खाली घेतलं, आपल्या मासळीच्या टोपलीत ठेवलं आणि समोर बैठक मारली. “हा आरोपी ना? मग याची जबानी नको घ्यायला? काय रे परातीच्या, तुला लडकू दिसला होता का?”

यंत्र काय बोलणार!

“लडकूने हाका मारल्या, त्या ऐकू आल्या का?”

माणसं हसायला लागली.

“बरं, काल जेवलास काय? हलवा कसा होता? मीठ बरोबर होतं?”

आता हसू वाढलं. एक बाई म्हणाली, “गोमे, तो उपाशीच आहे गो, बघ कसा चपटा झालाय!”

“उपाशी?” गोमतीबायने मान वर केली. “मग जेवलं कोण?”

हसू तिथल्या तिथे विझलं. ती मुलाकडे पाहत होती.

हिराजी म्हणाला, “आये, मला शेठनी बोलावलं.”

“बोलावलं शेठनी. चालले कुणाचे पाय?”

“आये, मीच तर बाबाला पाण्यातून काढला.”

“काढलास ते बरं केलंस. पाडलास पण तूच. आता सांग, सुकाणू दुसऱ्याकडे देताना आपल्यात काय म्हणतात?”

हिराजी खाली पाहू लागला. गावात ही रीत लहान पोरालाही ठाऊक होती. सुकाणूवरचा माणूस उठताना म्हणतो, ‘धर.’ नुसतं म्हणून भागत नाही. दुसऱ्याने सुकाणूची मूठ पकडून, समोर नजर टाकून, मोठ्याने उत्तर द्यायचं, ‘धरलं.’ तो शब्द कानावर पडेपर्यंत पहिल्याने हात काढायचा नाही. वादळ असो की जवळ काळ उभा असो.

“बोल की. काय म्हणतात?”

“धर.”

“आणि दुसरा?”

“धरलं.”

“हा म्हणाला?” तिने टोपलीतल्या यंत्रावर चापट मारली.

तेवढ्यात शेठ मधे पडले. “बाई, तुम्हाला यातलं कळत नाही. खटका दाबला की ते ‘टूं’ करतं. तेच त्याचं धरलं.”

“टूं?” गोमतीबाय उठून उभीच राहिली. “मग लडकू बोंब मारत होता तेव्हा कुठे गेलं होतं तुमचं टूं? शेठ, त्याला सांगितलं सरळ जा, ते सरळ गेलं. मधे डोंगर असता तर डोंगरावर गेलं असतं. इमानाने वागलं बिचारं! बेइमान झाली ती डोळेवाली माणसं. त्याला डोळे नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. लडकूला ठाऊक नव्हतं. त्याला चाक फिरताना दिसलं आणि त्याला वाटलं, तिथे माझा हिराजी आहे. अहो, माझ्या पोराच्या नावावर विसंबून तो जागचा हलला नाही! तेच नाव आता तुम्ही वाचवायला निघालात? राहिलंय काय त्यात वाचवण्यासारखं?”

लडकूबाबा डाव्या हाताने डोळे पुसत होता.

शेठ पुटपुटले, “म्हणजे यंत्रं वापरायचीच नाहीत की काय आता?” आणि हिराजीनेही तीच काडी पकडली. “हो ना आये, मग यंत्र असतं तरी कशाला?”

यावर ती एक वाक्य बोलली. त्यावर भांडण मिटलं. पण त्यानंतर काय झालं तेही कळायला हवं, म्हणून ते आधी सांगून टाकलेलं बरं.

हिराजी लडकूबाबापुढे गेला, खाली बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बाबा, सुकाणू मी सोडलं.” वडिलांची जुनी होडी त्याने त्याच दुपारी लडकूबाबाच्या दारात ओढून आणली. म्हाताऱ्याचा हात जुळेपर्यंत तिच्यावर वल्हं मारायलाही तोच जात होता. जमातीची मोठी बोट त्या हंगामात दुसऱ्याला मिळाली. गोमतीबाय बाजारात नेहमीसारखी बसली आणि कुणी कीव करायला आलं की मासळीचा भाव वाढवून सांगू लागली.

शेठनी नवीन जाळं पाठवलं, टेम्पोतून. स्वतः आले नाहीत. काही माणसांची माफी अशी भाड्याच्या गाडीतूनच येते. पण जाळं चांगलं होतं, म्हणून लडकूबाबाने ते ठेवून घेतलं.

यंत्र बुडवलं नाही. ते परत चाकावर बसलं. पण त्यानंतर ते चालू असताना चाकाशेजारी एक माणूस समोर डोळे लावून बसलेला असे. जेवायची वेळ झाली तर त्याचं ताट वर येई.

आता तिचं ते वाक्य. या गोष्टीचं तात्पर्य शोधायला दुसरीकडे जायला नको.

तात्पर्य गोमतीबायच्याच तोंडून ऐका: “राबायला यंत्र खुशाल लाव रे, पण जाब द्यायला माणूसच लागतो, आणि सुकाणू ज्याने सोडलं तोच तो माणूस!”