दोराचं दुसरं टोक

"...मग शिकायचं वय संपतं का हो, बुवा? तेवढं एकदा सांगून टाका."

सिद्रामनं ओला दोर घाटाच्या पायरीवर आपटला. भीमगीर बुवा देवळापुढं पंचा वाळत घालत होते. वय कुणाचं म्हणतोस, असं त्यांनी विचारलं, तर त्यानं खालच्या पायरीकडं बोट केलं. तिथं त्याचे काका बसले होते. तरंगायला पाठीला दोन वाळके भोपळे बांधलेले, पाय पाण्यात.

मलकाप्पाकाकांना सगळं गाव ओळखतं. जन्म चुरमुऱ्याच्या भट्टीपुढं गेला. तापलेली वाळू, कढई, चाळण आणि बापाविना वाढणारा हा पुतण्या, एवढाच त्यांचा संसार. गुडघे गेले तशी सिद्रामनं भट्टी बंद करायला लावली, आणि माणूस जो भिंतीकडं तोंड करून बसला तो बसलाच. भाकरीसुद्धा अर्धी ताटात राहायची. सिद्रामनं भजनी मंडळात नेऊन बसवलं, कॅरम आणला, फुलझाडांच्या कुंड्या आणल्या. काका मान हलवत, आणि पुन्हा आपले भिंतीकडं.

मग एक दिवस आपण होऊन म्हणाले, मला पोहायला शिकायचंय.

स्वतःसाठी त्या माणसानं काही मागितलेलं गावात कुणाला आठवत नाही.

सिद्राम पट्टीचा पोहणारा. गावातली निम्मी पोरं त्यानंच दोर धरून शिकवली, आणि हे सांगायलाही तो कधी चुकत नाही. पण काका काही पुढं सरकेनात. आज सकाळी म्हणाले, राहू दे आता, मला नाही जमायचं. तिथं मात्र सिद्राम घाबरला. हेही सुटलं तर पुन्हा ती भिंतच, हे त्याला कळत होतं.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. आता काहीतरी उपदेश होणार म्हणून मी झाडू बाजूला ठेवून सरसावून बसलो. देवळाची झाडलोट माझ्याकडं आहे, त्यामुळं उपदेश मला फुकटात मिळतात. तर या म्हाताऱ्या बुवांनी कफनी काढली आणि दोर स्वतःच्याच कमरेला बांधून घेतला.

"धर," म्हणाले. "काकांना धरतोस तसाच."

आता बुवांना पोहता येतं की नाही, देव जाणे. इतकी वर्षं मी त्यांना काठावर बसून तांब्यानं अंघोळ करतानाच पाहिलंय. मला राहवेना, मी चार पायऱ्या खाली उतरलो.

बुवा कमरेएवढ्या पाण्यात गेले. छातीएवढ्या गेले. हनुवटी पाण्याला टेकली...

सिद्रामनं हिसका दिला. बुवा मागं आले.

पुन्हा गेले. पाय सुटायच्या आत पुन्हा हिसका. या खेपेला बिचाऱ्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, तेसुद्धा ओढल्यामुळं.

बुवा ठसकत वर आले.

"मी बुडत होतो?"

"नाही."

"मग ओढलंस का?"

"...भीती वाटली."

"कुणाला?"

सिद्रामची नजर खाली गेली. काका खालून त्याच्याकडं बघत होते.

"मला."

आणि मग त्याला रडूच फुटलं. बाप कसा दिसायचा ते त्याला आठवत नाही, आठवतात ते काकाच. यांना काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू, असं काहीबाही बोलत तो गडी ढसाढसा रडला. काका नुसतं "अरे..." म्हणाले.

बुवांनी त्याला रडू दिलं. मग आपल्या कमरेचा दोर सोडून सिद्रामच्या कमरेला बांधला, चांगली गाठ आवळून.

तो म्हणाला, मला येतं की पोहायला.

"भीती तुला वाटते ना?"

दुसरं टोक बुवांनी काकांच्या मनगटाला सैल गुंडाळलं. सिद्रामला पायरीवर बसवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगितले. एवढा दांडगा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा बसला. मला हसू आलं, पण मी ते गिळलं.

काकांनी एकदा पुतण्याकडं पाहिलं आणि उतरले.

हनुवटी टेकली. सिद्रामचे खांदे वर झाले, हात मात्र मांडीखालीच राहिले. काका थांबले...

मग त्यांचे पाय सुटले. भोपळे एका अंगाला कलले, पाणी उडालं, डोकं खाली गेलं. वर आलं. तोंडातलं पाणी थुंकून काका आणखी पुढं गेले. हात कसे मारत होते म्हणाल तर चुरमुरे चाळल्यासारखे. पण पायरीवरचा दोर हळूहळू पाण्यात सरकत चालला होता.

सिद्राम त्या दोराकडं बघत होता. "बुवा, मी कधी जाऊ?"

"त्यांनी ओढलं की."

दोर सरकत होता...

"आणि नाहीच ओढलं तर?"

बुवा पंच्यानं डोकं पुसत होते.

"तर पोहतायत."