पयल्या पानावरची आई

"पुन्यांदा मारलीस आईला?"

दस्तगीर बाबानं असं इचारलं आन् माझं टाळकंच सरकलं. माझ्या कादंबरीचं पयलं पान मी नुकतं कुठं त्येला वाचून दावलं व्हतं.

"पुन्यांदा म्हंजे?"

"आदूगरच्या दिवाळी अंकात मारलीस. त्येच्या फुडच्या अंकात मारलीस. आता हितं तर पयल्याच पानावर! बिचारीनं तुझं काय घोडं मारलंय रं, खंड्या?"

"गोष्टीत आई मेली की मानसं रडत्यात. रडली की पत्रं धाडत्यात," मी म्हनलं.

"मग माझ्याकडं का आलास? जा की पत्रं वाचत बस."

मी कागदं नीट लावाया लागलो.

बाबा गावाभायेरच्या टेकडीवर, दर्ग्याच्या ओट्यावर ऱ्हायचा. फकीर मानूस. अक्षर वळखायचा न्हाई. पन उरसात गोष्ट सांगाया बसला की एकच गोष्ट, सारा उरूस सरंपातूर पुरायची. मिठाईवाली दुकानं उघडी टाकून ऐकाया यायची. गोष्ट सांगायला म्या त्येच्यापाशीच शिकलो. साळा सातवीत सुटली, बाबा न्हाई सुटला.

म्हनून खरं काय ते त्येलाच सांगितलं.

"छापनाऱ्यानं परत धाडलीया. म्हनतोय, पयल्या पानावर रडू आलं, फुडं कायबी आलं न्हाई. तू गोष्टीवाला हायस, कादंबरी तुझ्या हातनं हुनार न्हाई. एकडाव बदलून आन, न्हाईतर नाद सोड."

"खरं बोलला."

"व्हय का? तुमीबी त्येच्याच बाजूनं!"

कागदं पिशवीत कोंबली आन् उठलो. गेली चुलीत कादंबरी. ओट्याखाली उतरून चपला घालाया लागलो.

मागनं बाबा म्हनला, "तुझी आई सकाळी उठून पयलं काय करायची रं?"

आईला जाऊन तवा लई सालं झाली व्हती.

"काय करनार? चूल पेटवायची. सगळ्यांच्या आया पेटवत्यात."

"चुलीच्या आदी?"

"दार उघडायची."

"त्येच्या आदी?"

माझा एक पाय चपलंत, एक भायेर.

"...कडी वाजवायची. आतनंच."

"आतनं? का रं?"

"कुत्रं उंबऱ्याला चिकटून निजायचं. एकदम दार उघडलं तर दचकंल म्हनून."

बाबा चुलीकडं वळला. तीन दगडांच्या चुलीवर कोरा च्या ठिवला व्हता, तिथं वाकून जाळ फुंकत बसला.

मग माझंच तोंड थांबंना.

"कोंबडीसंगट भांडायची, बाबा! आमची कोंबडी शेजारनीच्या गंजीत जाऊन अंडं घालायची. तर तिला धरून फुडं बसवायची आन् म्हनायची, भवाने, दानं माझं खातीस आन् अंडं तिला घालतीस व्हय?"

बाबा खुदकन हसला.

"आन् चोरटी व्हती. आमाला समद्यांना च्या द्यायची अगोड. गूळ सपला म्हनायची. आन् मडक्यामागं दडवून ठिवल्याला खडा सोताच्या कपात! एक डाव बानं चुकून तिचा कप तोंडाला लावला. बघतच ऱ्हायला तिच्याकडं. तर ही म्हनती कशी, 'कपच गोड हाय त्यो, मी काय करू?'"

दोघंबी हसलो. बाबाला तर ठसका लागला.

कवा परत येऊन ओट्यावर बसलो, मलाच कळलं न्हाई.

बाबानं पिशवीकडं बोट केलं.

"ह्ये हाय त्यात?"

"न्हाई."

"का?"

"ह्ये काय लिवायचं असतंय व्हय? ह्यात घडतंय काय?"

बाबानं कप मांडलं. एक त्येचा, एक माझा. मग कोपऱ्यातनं कान तुटल्याला तिसरा कप काढला, फडक्यानं पुसला आन् माझ्या पिशवीला लागून ठिवला. त्यात गुळाचा खडा टाकला. चांगला मोठा. वरनं च्या वतला.

बाबाबी आता त्याच टेकडीवर मातीआड निजलाय. त्या कपातनं निघनारी वाफ मातर अजून माझ्या डोळ्याम्होरं हाय.

"कोन यायचं हाय?" मी इचारलं.

बाबानं कान तुटल्याला कप पिशवीकडं आनखी सरकवला.

तवा कुठं माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. तरी माझी खोड जाईना.

"पन बाबा, ती गेलीच की. कवातरी मारावीच लागंल तिला."

बाबानं सोताचा कप उचलला. फुंकर घातली.

"मार की... पन आदी च्या तर पिऊ दे तिला."