राजाचं मधलं विमान आणि धुरपदेची फक्की

“कोण घेणार ते सांगा! आत्ताच्या आत्ता सांगा!” राजे धैर्यशीलराव गरजले आणि अख्खा दरबार आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागला.

राजांच्या पदरी हत्ती होते, घोडे होते आणि हौसेखातर काढलेला विमानांचा कारखानाही होता. तिथे नवंकोरं विमान तयार झालं होतं. ना फार मोठं, ना फार लहान. मधे एकच वाट, दोन्ही अंगांना तीन-तीन खुर्च्या, माणसं बसणार एकशे साठ. ते बघायला उद्या पाच विमान कंपन्यांचे पाहुणे येणार होते. मागच्या खेपेला पाहुण्यांनी नुसतं “वा! वा!” केलं, तर राजांनी हुरळून जाऊन वीस लहान विमानं बांधली. खपलं एकही नाही! ती वीसच्या वीस शेजारच्या निंबोळे गावच्या गायरानात उभी होती. पंखांखाली कोंबड्या अंडी घालत होत्या आणि गावची गुरं चरायला दोन कोस लांब जात होती.

“या वेळी घेणारे जेवढे, तेवढ्यांपुरतीच बांधीन,” राजे म्हणाले. “उद्या जेवणाची पानं उठायच्या आत मला नावं हवीत. पण पाहुण्यांना एक अक्षर विचारायचं नाही. विचारलं की मेले सगळे गोडच बोलतात!”

प्रधानजी खाकरले. “महाराज, गगनराज कंपनी सर्वांत श्रीमंत. तीच घेणार!”

“मागच्या वेळीही तुम्ही हेच नाव सांगितलं होतं!”

प्रधानजी गपकन खाली बसले.

एवढ्यात दारातून आवाज आला, “म्हाराज, मी सांगते नावं!”

ही धुरपदा. कारखान्यातली विमानं झाडायचं काम तिच्याकडे. निंबोळ्याच्या बैलबाजारातल्या दलालाची लेक, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही. “नावं खरी निघाली, तर आमचं गायरान मोकळं करायचं,” तिने सांगून टाकलं.

“आणि चुकलीस तर?” राजांनी मिशीवर हात फिरवला. “तर तुमची बैलबाजाराची जागाही माझी! पुढची विमानं तिथे लावीन!”

बाजार गेला तर गावाने खायचं काय? पण आता माघार घेणार ती धुरपदा कसली!

“चालंल! मला फकस्त एक टोपलं चुन्याची फक्की द्या.”

“विमान विकायचंय की कबड्डीचं मैदान आखायचंय?” प्रधानजी फिसकन हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच धुरपदेने विमानाच्या पुढच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं, पुढच्या खुर्च्यांजवळ पेढ्यांचं तबक ठेवलं. मग मागे गेली. शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांखाली आणि विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात तिने फक्की भुरभुरली आणि झाडू घेऊन मुकाट बाजूला उभी राहिली. पाहुणे आले, हिंडले, उतरले. तिने कुणाला एक अक्षर विचारलं नाही.

दुपारी पंगत बसली.

“काय तो रंग! काय त्या खुर्च्या!” गगनराजचे पाहुणे म्हणाले.

“असं विमान झालं नाही, होणार नाही!” त्यांच्या शेजारचे दोघं एका सुरात म्हणाले. राजे फुलून गेले. वाढप्याला म्हणाले, “यांना आणखी जिलब्या!”

पण सह्यवारा कंपनीच्या वेणूताईंनी तोंड वाकडं केलं. “शेवटच्या रांगेत गुडघे आपटतात हो!”

“आणि सामानाचं दार चार बोटं अरुंद,” दर्यापार कंपनीचे गोमाजीराव करवादले. “अर्ध्या तासात सामान काढून, भरून परत उडायचं कसं?”

राजांचा चेहरा लालबुंद झाला. प्रधानजी कानाशी लागले, “हाकलू का या दोघांना?”

“थांबा!” धुरपदा पुढे आली. “म्हाराज, इमान घेणार ते हेच दोघं!”

वेणूताईंच्या हातातली जिलबी हातातच राहिली. “अगंबाई! हिला कुणी सांगितलं?”

“आता लपवून काय उपयोग!” गोमाजीराव हसले. “यांची मोठी विमानं अर्धी रिकामी उडतात आणि आमच्या लहान विमानांत निम्मी माणसं मागे राहतात. दोघांनाही हे मधलंच हवं होतं. पण आधीच हो म्हटलं, तर भाव कसा पाडणार?”

“पण तू ओळखलंस कसं?” राजांनी डोळे विस्फारले. “हे दोघं तर मघापासून नावं ठेवताहेत!”

“त्यांचं गुडघं बघा, म्हाराज!”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. वेणूताईंची साडी आणि गोमाजीरावांची विजार गुडघ्यांवर पांढरीफटक! बाकी तिघांचे कपडे परीटघडीचे.

“बाजारात ज्याला बैल घ्यायचा न्हाई, तो शिंगांची तारीफ करतो अन् च्या पिऊन जातो,” धुरपदा म्हणाली. “घ्यायचाय, तो दात बघतो, खूर उचलतो अन् खोडी काढतो. घरी न्यायचं नसंल, तर इमानाच्या पोटात गुडघं कोण घाशील?”

“शाब्बास!” राजांनी मांडीवर थाप मारली. “तुझ्यासारखी हुशार बाई अख्ख्या राज्यात नाही! काय ती नजर! काय ती बुद्धी! वा, वा, वा!”

धुरपदेचा चेहरा खर्रकन उतरला.

“का गं? तारीफ आवडली नाही?”

“भ्या वाटतंय, म्हाराज. सकाळधरनं ज्यानं ज्यानं तारीफ केली, त्यानं काय बी दिलं न्हाई!”

राजे असे खदाखदा हसले, की डोक्यावरचा मंदिल घसरून थेट जिलब्यांच्या ताटात पडला.

“प्रधानजी, हत्ती जुंपा!” ते डोळे पुसत ओरडले. “ती वीस विमानं ओढून आपल्या बागेत आणा! आणि आजपासून कारखान्यातलं प्रत्येक विमान आधी ही बघणार!”

त्या संध्याकाळी निंबोळ्याची गुरं गावाजवळच पोटभर चरली.