तयार झालेलं बदक

बदकांना माणसांची बोली अर्धीमुर्धीच कळायची, त्या काळातली ही गोष्ट. वसईकडच्या एका वाडीतल्या तळ्यात इनासमामांची बदकं राहत असत.

एके दिवशी मामांनी मका बंद करून सुक्या मासळीचा चुरा घालायला सुरुवात केली. शिवाय ते काठी घेऊन बदकांना तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिटाळू लागले. "चरबी नको, छाती भरली पाहिजे," ते बायकोला म्हणत. दर रविवारी ते एकेकाच्या छातीवर अंगठा दाबून बघत. छाती टणक लागली की "हे तयार झालं" म्हणत आणि त्याला टोपलीत घालून बाजारात नेत.

"उडायला छातीच लागते," भुऱ्या नावाचं तरणं बदक सगळ्यांना सांगे. "मामा आपल्याला उडायला तयार करतायत. गेलेलं कुणी परत आलंय का?"

"मग रिकाम्या टोपलीत पिसं कशी असतात रे?" अंड्यांसाठी ठेवलेल्या लंगड्या म्हातारीने विचारलं. "कमी खा, बाळा."

"तुझी छाती कधी भरलीच नाही, म्हणून जळतेस."

त्या रविवारी अंगठा टेकताच भुऱ्याने छाती फुगवली. "हे तयार झालं," मामा म्हणाले. भुऱ्याने आनंदाने पंख पसरले. मामांनी ते धरले, एकात एक अडकवले आणि वरून सुतळी आवळली. भुऱ्या ओरडला.

बाकीच्या बदकांनी माना उंचावून पाहिलं.

"वाटेतच उडू नये म्हणून बांधलं असेल," एक जण म्हणालं, आणि सगळी चुऱ्याकडे धावली.