नाडगौडा साहेबांची सही

घराएवढ्या ट्रान्सफॉर्मरच्या उघड्या टाकीपाशी उभं राहिलं की कुंदाताई दिघावकरांना विहिरीच्या काठावर आल्यासारखं वाटे. खाली कागदात गुंडाळलेली तांब्याची वेटोळी शांत झोपलेली असत. झाकण लावण्याआधीची शेवटची तपासणी ताईंची, आणि त्यांचा दंडक एकच. वर चढणाऱ्याने आधी खिसे रिकामे करायचे, अंगठीसुद्धा काढून ट्रेमध्ये ठेवायची. आत एक स्क्रू राहिला, तरी वीज सोडल्यावर सगळं जळून जायचं.

त्या दिवशी नवे मॅनेजर नाडगौडा साहेब तसेच वर चढले. ताईंनी ट्रे पुढे केला, तर म्हणाले, "हे नियम कामगारांसाठी." मग ते टाकीत चांगले खोल वाकले. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. विहिरीत खडा पडावा तसा खालून बारीक नाद आला आणि विरून गेला.

"झाकण लावता येणार नाही," ताई म्हणाल्या. "आत काहीतरी पडलंय."

"मी स्वतः पाहिलंय, आत काही नाही. ट्रेलर दारात उभा आहे. सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

सगळे कामगार हातातलं काम थांबवून बघू लागले. ताईंनी तपासणीचा कागद साहेबांपुढे धरला.

"पाहिलंत तुम्ही, तर सहीही तुमचीच हवी, साहेब. मघाशी खिशाला होतं ना, त्याच सोनेरी पेनाने करा."

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

ताई तोवर वर चढण्यासाठी आपल्या बांगड्या काढून ट्रेमध्ये ठेवत होत्या. थोड्या वेळाने बांगड्यांशेजारी साहेबांचं घड्याळ हळूच येऊन बसलं.