नाळेवरचा शब्द

शब्दांना हातपाय होते, त्या काळातली गोष्ट. धाकलू नाखव्याने नवी होडी बांधली आणि रंगाऱ्याच्या ब्रशला सांगितलं, "होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एकच इंग्रजी शब्द लिही. ताकदीचा हवा आणि इमानाचाही हवा!"

डिक्शनरीत एकच झुंबड उडाली. स्ट्राँग दंड थोपटत किनाऱ्यावर आला. लॉयल छातीवर हात ठेवून आला. मागून स्टाँचही आला, पण त्याला कोण विचारतंय!

"मी! मी!" असा गलका चालू असतानाच भरतीची मोठी लाट आली. होडीचा दोर खुंट्यावरून सुटला आणि होडी निघाली थेट खडकांकडे!

स्ट्राँगने दोराला असा हिसका दिला, की होडी गर्रकन वळली. "बघितलंत?" म्हणत तो दोर टाकून ब्रशकडे धावला. मग लॉयलने दोर धरला. धरला तो सोडलाच नाही, पण त्याचा जोरच पुरेना. होडी त्याला फरफटत घेऊन चालली.

तेवढ्यात स्टाँचने दोर कमरेला गुंडाळला, वाळूत टाचा रोवल्या आणि तो मागे रेलला. होडी थांबली!

"वा रे गड्या!" धाकलू ओरडला. "ये, चढ नाळेवर!"

"आत्ता कसा येऊ, नाखवा?" स्टाँच म्हणाला. "ओहोटी लागू दे. मग दोर सोडतो."

ब्रशने दुसऱ्या कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. रंग वाळू न देता तो ओहोटीची वाट बघत बसला.